प्राणवायूची हाक

मुलांनो, उंच गड चढताना तुम्हांला धाप लागते. शरीराला अधिक प्राणवायू हवा असतो, म्हणून श्वास जलद होतो. प्राणवायूची अशीच जाणीव इवल्याशा पेशींनाही असते.

पेशीत ‘हिफ’ नावाचे प्रथिन सतत तयार होते. प्राणवायू पुरेसा असला, की पेशी ते लगेच नष्ट करते. तो कमी पडला, की हिफ टिकून राहते आणि नव्या रक्तवाहिन्या घडविण्याचा संदेश सुटतो. हे रहस्य उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा या शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु कर्करोगाची गाठ या सोयीचा गैरफायदा घेते. तिच्या पेशी भराभर वाढतात. आत प्राणवायू पुरत नाही. मग हिफच्या संदेशाने आलेल्या रक्तवाहिन्या गाठीलाच पोसू लागतात.

शरीराच्या रक्षक पांढऱ्या पेशी चालून येतात, तेव्हा गाठ त्यांचा लगाम खेचते. हा लगाम मुळात हितकारकच. तो नसता, तर रक्षक आपल्याच अवयवांवर तुटून पडले असते. प्राणवायूच्या अभावी तो अधिकच आवळला जातो.

हा लगाम सैल करण्याची वाट अॅलिसन व होन्जो यांनी दाखविली. त्यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हिफच्या एका प्रकाराला रोखणारे औषधही २०२१ साली अमेरिकेत मान्य झाले. या उपचारांनी काही रुग्णांना जीवदान मिळाले. सर्वांना अद्याप नाही.

येथे शत्रू परका नसतो. वाट चुकलेली आपलीच पेशी असते. म्हणून रोगाशी झुंजण्यापूर्वी आपले शरीर नीट जाणून घ्यावे लागते.