लेख आपले, जागाही आपली

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले. पुढे ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘जनता’ (१९३०) आणि ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६) ही पत्रे निघाली. पत्राला स्वतःचा छापखानाही हवा, या जाणिवेतून भारतभूषण, म्हणजेच पुढचे बुद्धभूषण, मुद्रणालय उभे राहिले. आपल्या शहरातून डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ दीर्घकाळ चालविले, त्यालाही याच परंपरेत पाहिले पाहिजे.

आज आपले माजी विद्यार्थी पुष्कळ लिहितात. परंतु बहुतेक लेखन फेसबुक वा व्हॉट्सॲपवर असते, आणि तेथील जागा दुसऱ्याची असते. याहू कंपनीने २००९ मध्ये जिओसिटीज ही सेवा आवरती घेतली, तेव्हा लक्षावधी लोकांची वैयक्तिक पाने जालावरून उतरली. स्वयंसेवकांनी धावपळ करून त्यांतील जेवढी जमली तेवढी जतन केली.

स्वतःचे संकेतस्थळ चालविणे अवघड असते, हा समज बराचसा वर्डप्रेसच्या पसाऱ्यामुळे झाला आहे. ही आज्ञावली समर्थ आहे. पण तिला डेटाबेस लागतो, ती वेळोवेळी अद्ययावत करावी लागते आणि दुर्लक्ष झाले तर घुसखोरांचे फावते. एकट्या लेखकाला एवढ्या संसाराची गरज नसते. ब्लडिटसारखी हलकी आज्ञावली प्रत्येक लेख साध्या फाइलीत ठेवते. तिला डेटाबेस लागत नाही, सर्व्हरवर पीएचपी असले की पुरते. २०१३ मध्ये आलेल्या ह्यूगोची रीत निराळी. लेख आपल्याच संगणकावर लिहावा, एक आदेश द्यावा आणि तयार झालेली पाने सर्व्हरवर चढवावीत. तेथे कोणतीच आज्ञावली चालत नसल्याने फोडण्याजोगेही फारसे काही उरत नाही. आदेश टंकण्याचे भय नसणाऱ्यांनी ह्यूगो घ्यावे, इतरांनी ब्लडिट, असे माझे मत आहे.

जागा किती लागते? युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे हजार शब्दांचा मराठी लेख सुमारे २० किलोबाइटचा, आणि असे शंभर लेख मिळून मोबाइलवरील एका छायाचित्राएवढे!

जुने साहित्य चढविताना मात्र एक अडचण हटकून येते. कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर आतून रोमन अक्षरांतच असतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर कवितेच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात, आणि शोधयंत्रालाही त्यात मराठी सापडत नाही. कित्येक घरांतील आत्मकथने अशा फाइलींत पडून आहेत. ती लिहिणारी माणसे हयात आहेत तोवर ती युनिकोडमध्ये आणून त्यांच्याकडूनच तपासून घ्यावीत. रूपांतरात जोडाक्षरे हमखास बिघडतात.

संकेतस्थळाचे नाव ते उभारून देणाऱ्या दुकानदाराच्या नव्हे, स्वतःच्या नावे नोंदवावे आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे. लेखांच्या मूळ फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर, दुसरी घराबाहेर विश्वासू व्यक्तीकडे असावी. उद्या आज्ञावली बदलावीशी वाटली, तरी त्याच फाइली घेऊन नवे घर मांडता येते.