तोंड वाकडे झाले तर

मंडळी, सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळू लागते. एक डोळा मिटत नाही. हसायला जावे तर तोंड एकीकडे ओढले जाते. कोणी म्हणतो, "वारे गेले." कोणी म्हणतो, "बाहेरची बाधा आहे." अंगारे-धुपारे करण्यात चार दिवस जातात. तेच दिवस मोलाचे असतात, बरे का!

चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला एक नस असते. ती मेंदूतून निघते आणि कानाजवळच्या हाडातील अरुंद बोळातून बाहेर येते. तिला सूज आली की ती त्या बोळात चेपते. मग त्या बाजूचे स्नायू हलत नाहीत. चार्ल्स बेल या डॉक्टरांनी १८२१ साली या नसेविषयी लिहिले. म्हणून या दुखण्याला बेल्स पाल्सी म्हणतात.

तोंड वाकडे दिसताच दवाखाना गाठावा. पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झाले तर गुण चांगला येतो. हात किंवा पाय लुळा पडला, जीभ जड झाली, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा ताबडतोब १०८ नंबरला फोन करावा.

डोळा फार जपावा. तो मिटत नाही, म्हणून कोरडा पडतो. धूळ जाऊन बुबुळाला जखम होते. डॉक्टरांनी दिलेले थेंब घालावेत. बाहेर जाताना चष्मा लावावा. रात्री पापणी कशी झाकायची, ते डॉक्टरांकडून शिकून घ्यावे.

डॉक्टरांनी सांगितले की व्यायाम सुरू करावा. आरशासमोर बसा.
१. भुवया वर उचला.
२. डोळे हलकेच मिटा.
३. नाक मुरडा.
४. शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करा.
५. ओठ मिटून हसा.
६. प, फ, ब, भ, म ही अक्षरे म्हणा. ती ओठ जुळल्यावाचून उमटत नाहीत.

प्रत्येक प्रकार पाच वेळा, दिवसातून दोन-तीनदा करावा. दुबळ्या बाजूला बोटाचा हलका आधार द्यावा. जोर मात्र करायचा नाही. जोराने चांगली बाजूच जास्त ओढली जाते. पुढे हसताना डोळा आपोआप मिटण्याची खोडही लागू शकते. पाटीवर अक्षर गिरवताना पेन्सिल दाबली तर ती मोडते. हळू गिरवले तर वळण येते. तसेच हे आहे.

जेवल्यावर गालात घास अडकतो. तो काढून चूळ भरावी.

बहुतेकांना काही आठवड्यांत फरक दिसतो. काहींना महिने लागतात. धीर सोडू नये. घरच्यांनीही हसू नये; आरसा धरून शेजारी बसावे.

प्रश्न
१. तोंड वाकडे झाल्यावर पहिले काम कोणते?
२. डोळा का जपावा?
३. व्यायामात जोर का करू नये?
४. 'म' म्हणताना तुमचे ओठ काय करतात? आरशात पाहा.