डाय निवडताना : पुंगळीची मान आणि आपला स्प्रिंगबॅक

लोणावळा लोकलने कॉलेजला येणाऱ्या प्रत्येकाने खडकी स्टेशन खिडकीतून शेकडो वेळा पाहिलं असेल. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. जुन्या .३०३ रायफलच्या काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ अशी अक्षरं दिसतात, ती याच कारखान्याची : किरकी फॅक्टरी. आपण डीप ड्रॉइंगची आकृती पाठ करतो ती कप काढण्याची, पण रायफलची पितळी पुंगळी हे त्याचंच जास्त चांगलं उदाहरण आहे. जाड पितळी चकतीचा आधी कप होतो, मग तो एकापाठोपाठ एक डायमधून ओढून लांब करतात, मध्ये मध्ये ॲनीलिंग करतात, आणि शेवटी तोंडाकडे दाबून खांदा आणि मान काढतात.

हे झालं कारखान्यातलं. पण लांब पल्ल्याची रायफल नेमबाजी करणारे जगभरातले अनेक खेळाडू झाडलेली पुंगळी पुन्हा वापरतात. ती डायमधून मूळ मापाला आणतात, नवी टोपी, दारू आणि गोळी बसवतात. त्यासाठी कोणती डाय घ्यावी यावर त्यांच्यात तासन्‌तास वाद चालतात. त्या वादाकडे मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने कसं बघावं, एवढाच या लेखाचा विषय आहे. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रंसुद्धा येतात, आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून कुणी वर्कशॉपच्या लेथवर प्रयोग करायला जाऊ नये!

आणखी एक गैरसमज दूर करतो. पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण करून ब्रॉंझ मिळवलं, तेव्हा त्याच्या काडतुसांचा आणि डायचा काहीच संबंध नव्हता. तो प्रकार .२२ रिमफायरचा. त्यात ठिणगी देणारं रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं, म्हणून ती पुंगळी पुन्हा भरता येत नाही. ते खेळाडू वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या रायफलमधून झाडून बघतात आणि जुळेल तो लॉट घेतात. डायचा प्रश्न येतो तो सेंटरफायरमध्ये, म्हणजे ३०० मीटर आणि त्याच्या पुढे.

आता जरा फर्स्ट इयरचं फिजिक्स. ७.६२ ची गोळी ३०० मीटरला साधारण ०.४ सेकंदात पोचते. तेवढ्या वेळात ती ½gt² म्हणजे सुमारे ७८ सेंटिमीटर खाली येते. वेग १ टक्का कमी झाला तर वेळ १ टक्का वाढतो आणि घसरण २ टक्के, म्हणजे १६ मिलिमीटर. ३०० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटर व्यासाचं असतं, त्यामुळे हे खपून जातं. पण ९०० मीटरला तीच गोळी सुमारे १.६ सेकंद हवेत असते. घसरण साडेबारा मीटर, आणि तिचे २ टक्के म्हणजे २५ सेंटिमीटर. हवेचा विरोध नीट धरला तर आकडे थोडे बदलतील, पण मुद्दा बदलत नाही. एकाच नेमाला एक गोळी वर आणि एक वीतभर खाली. नेमबाजाचा हात कितीही स्थिर असो, हा फरक त्याला भरून काढता येत नाही.

वेगातला सगळा फरक डायमुळे येतो असं अजिबात नाही. दारूचं वजन आणि टोपी यांचा वाटा मोठा आहे. डायच्या हातात दोनच गोष्टी असतात : मान गोळीला किती घट्ट धरते, आणि गोळी पुंगळीच्या अक्षात सरळ बसते की नाही. पकड दर पुंगळीत वेगळी असेल तर गोळी सुटायला लागणारा दाब वेगळा, म्हणून वेग वेगळा. म्हणजे डायकडून हवी ती एकसारखी पकड. घट्टपणा हे उद्दिष्ट नाही.

पुंगळीचं पितळ ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. गोळी झाडली की आतला दाब ४०० मेगापास्कलच्या घरात जातो. पुंगळी फुगते, चेंबरच्या भिंतीला चिकटते, गॅस मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरला की किंचित आक्रसते. हाच तो स्प्रिंगबॅक. आमच्या ग्रुपने प्रेस टूलच्या जॉबला ९० अंशाची डाय केली आणि पट्टी ९३ अंशांवर आली, तेव्हा हा शब्द डोक्यात पक्का बसला. तर ही झाडलेली पुंगळी म्हणजे त्या रायफलच्या चेंबरचा जवळजवळ साचाच. डाय निवडण्याआधी मोजायची वस्तू ही. कॅटलॉग नंतर.

पहिला वाद फुल-लेंग्थ डाय की नेक डाय, हा. नेक डाय फक्त मान दाबते, बाकीचं अंग चेंबरच्या मापाचं तसंच ठेवते. ऐकायला हे उत्तम वाटतं, आणि एके काळी अचूकतेसाठी हाच सल्ला दिला जायचा. पण चार-पाच वेळा झाडल्यावर अंग आणि खांदा इतके घट्ट होतात की बोल्ट बंद करायला जोर लावावा लागतो, आणि तिथे रायफल हलते. शेवटी फुल-लेंग्थ डाय घ्यावीच लागते. म्हणून माझं मत फुल-लेंग्थच्या बाजूने आहे, पण सेटिंग बघून. डाय प्रेसमध्ये किती खाली उतरवली यावर खांदा किती मागे जातो हे ठरतं. बोल्ट-ॲक्शन रायफलसाठी झाडलेल्या पुंगळीपेक्षा ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर मागे, एवढं पुरतं.

इथे चूक झाली तर फक्त गुण जात नाहीत. ७.६२ सारखं काडतूस चेंबरमध्ये खांद्यावर टेकतं. खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला तर पुढे पोकळी राहते. झाडल्यावर पुंगळी ती पोकळी भरायला लांब होते, आणि हे लांब होणं बुडाच्या जरा वरच्या भागातून येतं. दर वेळी तिथली भिंत पातळ होत जाते, बाहेरून एक चकचकीत कडं दिसायला लागतं, आणि एक दिवस बूड तुटून वेगळं होतं. त्या वेळी तोच गॅस नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. वाकवलेल्या तारेचं टोक आतून फिरवून ती खाच लागते का हे बघायची पद्धत आहे. सेटिंग चुकलेली महागडी डाय नीट बसवलेल्या साध्या डायपेक्षा धोकादायक असते, ती यामुळेच.

आता मान. खरी गंमत इथे आहे. साधी डाय मानेला आधी गरजेपेक्षा बारीक करते, कारण कारखान्याला जाड-पातळ सगळ्या पुंगळ्या धरून चालायचं असतं. मग पुंगळी बाहेर येताना आतला एक्स्पांडरचा गोळा मानेतून ओढला जातो आणि ती पुन्हा मोठी होते. म्हणजे पितळ दोनदा हललं, दोनदा कडक झालं, आणि गोळा कोरडा असेल तर ओढताना मान तिरकीही झाली. बुशिंग डायमध्ये मानेच्या जागी बदलता येणारी रिंग असते, आणि तिच्या मापात एक हजारांश इंचाच्या पायऱ्या मिळतात. समजा गोळीचा व्यास ७.८२ मिलिमीटर आणि मानेच्या भिंतीची जाडी ०.३८. भरलेल्या काडतुसाची मान ७.८२ + (२ × ०.३८) = ८.५८. मग ८.५३ च्या आसपासची बुशिंग घ्यायची. पितळ एकदाच हलतं, आणि तेही थोडंसंच.

पण बुशिंग बाहेरून दाबते. भिंत एका बाजूला जाड असेल तर बाहेरचा गोल नेटका दिसतो आणि खोट आत ढकलली जाते, म्हणजे नेमकी गोळी बसते तिथे. मेट्रॉलॉजीच्या व्हायव्हाला ‘डेटम कुठला धरलास?’ असं विचारतात ना, तोच हा प्रश्न. मग एक तर मान बाहेरून टर्निंग करून एकसारखी करायची, नाही तर शेवटी नेमक्या मापाचं मॅंड्रेल आतून फिरवायचं. ली कंपनीच्या कॉलेट डायमध्ये मान मॅंड्रेलवर चारही बाजूंनी आवळली जाते, म्हणजे डेटम आतलाच. ती स्वस्त असते आणि तिला तेलही लागत नाही. खांदा आणि अंग मात्र तिच्या हद्दीबाहेर. किंमत बघून तिला नाक मुरडणाऱ्यांनी आधी मोजून बघावं.

आणखी एक भानगड. डाय तीच राहते पण पितळ तेच राहत नाही. दर वेळी झाडून, दाबून मान कडक होत जाते, स्प्रिंगबॅक वाढतो, आणि तीच बुशिंग पाचव्या वेळेला वेगळं माप देते. म्हणून मान ठरावीक वेळांनी ॲनील करतात. फक्त मान आणि खांदा. बूड कधीच नाही, तिथे कडकपणाच हवा.

गोळी बसवणाऱ्या सीटिंग डायबद्दल फार लिहीत नाही. गोळी आत शिरण्याआधी पुंगळीला पूर्ण आधार देणारी सरकती स्लीव्ह हवी, आणि दांड्याने गोळीला टोकावर नाही तर तिच्या वक्र अंगावर दाबायला हवं. टोकं एकसारखी नसतात, त्यामुळे काडतुसाची लांबीसुद्धा वक्र भागावरूनच मोजावी. वरचा मायक्रोमीटर सोयीचा आहे, त्याने अचूकता वाढत नाही.

निवड बरोबर झाली की नाही ते शेवटी आपल्या लॅबमधल्याच दोन वस्तू सांगतात. व्ही-ब्लॉकवर काडतूस फिरवायचं आणि गोळीवर डायल गेज टेकवायचा. काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत हलला तर उत्तम. जास्त हलला तर रिकाम्या पुंगळीची मान तपासायची : ती सरळ असेल तर दोष सीटिंग डायचा, तिरकी असेल तर साइझिंगचा. मान साइझिंगच्या आधीच, झाडलेल्या अवस्थेत, तपासली तर रायफलच्या चेंबरबद्दलही कळतं.

आता आपल्या भागापुरतं. ब्रिटिश फौजेच्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांना हिंदुस्थानात पावसाळ्यात आपोआप चिरा पडत. तबेल्यात ठेवलेला साठा जास्त खराब व्हायचा. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी कारण सांगितलं : घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया, दमट हवा, आणि पितळात ओढकामामुळे अडकून राहिलेला ताण. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की चीर. याला तेव्हा सीझन क्रॅकिंग नाव पडलं, आपण आज स्ट्रेस करोजन म्हणतो. उपाय म्हणजे कमी तापमानाला पितळ तापवून ताण काढणं. डाय मानेला जितकं जास्त हलवते तितका ताण आत राहतो, म्हणून कमी हलवणाऱ्या डायचा हा आणखी एक फायदा. आणि जून ते सप्टेंबर जिथे कपाटातल्या कंपासलाही गंज चढतो, त्या लोणावळ्यात आणि मावळात अमोनियाचं द्रावण लावून पितळ चमकवलं तर ते लगेच धुवून वाळवायला हवं. पोलादी डायला तेलाचा हात देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवायचं, आणि वापरण्याआधी ते तेल आतून पूर्ण पुसून काढायचं, नाही तर खांद्यावर तेल साचून पितळाला खड्डे पडतात.