आधी कागदाचे वृत्त

ऐतिहासिक कागदपत्रांच्या अभ्यासात आयुष्याची बरीच वर्षे घालविल्यानंतर, या वाटेला नव्याने लागणाऱ्यांना मला एकच गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते: कागद काय सांगतो हे पाहण्यापूर्वी तो कोणी, कोणासाठी आणि कोणत्या निकडीने लिहिला, याचा छडा लावावा. दिसण्यात ही गोष्ट लहान. पण तिची उपेक्षा झाली म्हणजे पुढचे सारे परिश्रम कसे व्यर्थ जातात, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

देशावरील एका वतनदार घराण्याचा इतिहास लिहिण्याचे काम ज्या गृहस्थांनी अंगावर घेतले होते, त्यांनी थोरल्या बाजीरावांच्या कारकिर्दीतील म्हणून जपलेली एक इनामाची सनद मला मोठ्या आदराने दाखविली. मोडी अक्षर घोटीव होते, मायना यथास्थित होता, आणि तिच्यावर विसंबून ग्रंथाची दोन प्रकरणे लिहूनही झाली होती. कागद खिडकीच्या उजेडात धरताच मात्र त्याच्या अंगातच उमटलेली विलायती गिरणीची खूण आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचे साल स्पष्ट दिसले. 1852 च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनने वतनदारांकडे हक्काचे पुरावे मागितले, तेव्हा कित्येकांनी जुन्या सनदांच्या नकला उतरविल्या आणि काहींनी सनदा नव्यानेही रचल्या. ही सनद त्या धामधुमीतील असावी. बाजीरावांच्या औदार्याचा पुरावा म्हणून ती दुबळी ठरली, तरी शंभरावर वर्षांनी त्या घराण्यावर आलेल्या संकटाचा पुरावा म्हणून ती बहुमोल होती. परंतु ग्रंथ तसाच छापला गेला. पुढे इतरांनी त्याचा हवाला दिला, आणि एका नकलेचे पाहता पाहता अनेक पुरावे झाले. एकाच मुळातून उतरलेल्या दहा नकला म्हणजे दहा साक्षी नव्हेत, हे म्हणूनच पक्के ध्यानात ठेवावे.

दुसरा धोका कालनिर्णयाचा. पेशवाईतील पत्रांत महिना व चंद्र, म्हणजे ‘छ’ने दाखविलेली तारीख, हिजरी असतो, साल मात्र बहुधा शुहूर, म्हणजे मृग नक्षत्री पालटणारे सौर साल असते. ‘छ ७ जमादिलाखर, सन इहिदे सितैन मया व अलफ’ असा काळ आढळला, तर हे शुहूर सन 1161 होय. त्यात मृगापासून डिसेंबरअखेर 599 आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत 600 मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. त्याप्रमाणे हा दिवस 14 जानेवारी 1761, म्हणजे पानिपतच्या संग्रामाचा, येतो. तेच 1161 कोणी हिजरी साल समजला, तर तो 1748 च्या जूनमध्ये, शाहू महाराजांच्या हयातीत, जाऊन पोहोचेल. त्या वर्षाच्या आरंभीही अब्दालीची स्वारी झालेली असल्यामुळे, पत्रात अब्दालीचे नाव पाहून त्याला आपला निर्णय बरोबरच वाटेल. संशय येऊ न देणारी चूक सर्वांत घातक. यास्तव तिथी, वार, चंद्र आणि साल यांचा परस्परांशी मेळ जमल्यावाचून कोणत्याही पत्राला काळ देऊ नये.

तिसरी गोष्ट पक्षपाताची. वतनाच्या वादात जिंकणाऱ्याच्या घरी निवाडपत्र राहते, आणि हरलेल्याकडून येजितखत, म्हणजे हार कबूल केल्याचा लेख, लिहून घेतलेले असते. साहजिकच विजयी पक्षाचे दफ्तर चाळणाऱ्याला सत्य एकाच बाजूला दिसते. परंतु निवाडपत्रात पुष्कळदा उभयतांच्या तकरिरी, म्हणजे त्यांची निवेदने, उतरलेल्या असतात. हरलेल्याची तकरीर तेवढ्याच आस्थेने वाचावी. गोतसभेने ती का नाकारली, साक्षीदार कोणाचे आप्त होते, दिव्याची वेळ का आली, हे प्रश्न तेथेच सुचतात. आणि ज्यांना वतनही नव्हते व वादही करता येत नव्हता, अशा कुळांचा आणि स्त्रियांचा उल्लेख कागदात नाही, म्हणून ते गावात नव्हते असे मानण्याचा प्रमाद कदापि करू नये.

कामाची पद्धत साधी आहे, मात्र तिला चिकाटी लागते. दफ्तराचा रुमाल सोडताना कागदांचा क्रम मोडू नये, कारण शेजारचा कागद पुष्कळदा अर्थाची किल्ली असतो. पाठीवरचे शेरे आणि पत्र पावल्याची नोंद मजकुराइतक्याच काळजीने उतरवावी. पत्र कोणत्या दिवशी हाती पडले हे कळल्याशिवाय, घेणाऱ्याने अमुक निर्णय का केला याचा उलगडा होत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्द एकमेकांना जोडून लिहिलेले असतात, म्हणून न लागलेले अक्षर तर्काने भरू नये. जागा मोकळी सोडावी, आणि आपला तर्क कंसात निराळा दाखवावा.

अखेरीस, निष्कर्षाबरोबर मूळ कागदही वाचकाच्या स्वाधीन करावा. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा त्याला विस्तृत प्रस्तावना जोडली आणि 1750 ते 1761 या काळातील पत्रेही छापून दिली. त्यांची अनेक मते पुढील संशोधकांनी खोडून काढली. ती खोडता आली याचे श्रेयही राजवाड्यांनाच आहे, कारण त्यासाठी लागणारी साधने त्यांनीच खुली केली होती. आपला पुरावा दुसऱ्याच्या परीक्षेसाठी निःशंकपणे पुढे ठेवणे, हा या शास्त्राचा पहिला धर्म आहे, आणि नव्या अभ्यासकाने तो पहिल्या कागदापासूनच आचरावा.