केबल बदलण्याआधी

प्रश्न : जुन्या अल्टोचा हँडब्रेक पार वर ओढला तरी गाडी उतारावर सरकते. केबल घरी बदलता येईल का?

उत्तर : येईल, पण आधी ड्रम उघडून बघा. शू झिजले असतील तर नवी केबल घालून पैसे वाया जातील. पुढच्या चाकांना उटी लावा, गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. लिव्हरजवळचा नट सैल करून केबलचं टोक शूच्या पट्टीतून सोडवा. खरा वेळ खाते ती बॅकप्लेटवरची गंजलेली क्लिप, विशेषतः कोकणातल्या गाड्यांत. तिथे बाहेरून गंज सोडवणारा स्प्रे मारा, शूवर थेंबही नको. नवी केबल जुन्याच वाटेने न्या. ताणण्याआधी शूचं अंतर जुळवा. हँडब्रेक सोडल्यावर चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे.