अंगठा लावण्याआधी

अगं, किती टेन्शन घेशील! एजंटने कराराचा मसुदा पाठवला आणि तुझी झोप उडाली, हे तुझ्या आवाजावरूनच कळलं. बघ, त्यातली बरीचशी पानं सगळ्यांच्या करारात सारखीच असतात. तुझे पैसे अडकतात ते चार-पाच अटींमध्ये. तेवढ्या नीट वाच, बाकीचं जमेल तुला.

आधी एक सांगते. "अकरा महिन्यांचंच तर आहे, नोटरी केलं तरी चालतं," असं एजंट म्हणाला ना? मान हलवू नकोस. आपल्याकडे 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची आहे. खर्चाचं म्हणशील तर वीस हजार भाडं आणि साठ हजार डिपॉझिट धरलं, तर अकरा महिन्यांची स्टॅम्प ड्युटी साधारण साडेपाचशे-सहाशे रुपये होते आणि शहरात नोंदणी फी हजार रुपये. वर एजंटची फी. ती मात्र आधीच ठरवून घे, नाहीतर ऐन वेळी आकडा फुगतो. हल्ली माणूस घरी मशीन घेऊन येतो, आधार क्रमांक घालून अंगठा घेतो, फोटो काढतो, की झालं. हे इतकं पटकन उरकतं की वाचायचं राहूनच जातं. म्हणून मसुदा आदल्या दिवशीच वाचून ठेव.

आता लॉक-इन. सहा महिन्यांचा लॉक-इन असेल आणि तिसऱ्या महिन्यात तुझी बंगळुरूला बदली झाली, तर उरलेल्या महिन्यांचं भाडं तुझ्याच गळ्यात पडू शकतं. खरं सांगू का, यावर बिनधास्त घासाघीस करायची. एक महिन्याची नोटीस दोघांनाही सारखीच हवी. त्यांना एक आणि तुला दोन, असं नको. मेंटेनन्स कोण भरणार, तेही लिहून घे. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी जो ना-भोगवटा आकार लावते, तो मालकाकडून घ्यायचा असतो. तुझ्या माथी मारू देऊ नकोस.

आणि डिपॉझिट! घर सोडताना "रंगाचे पैसे कापले" हे वाक्य ऐकायची वेळ जवळजवळ प्रत्येकीवर येते. त्यावरचा उपाय घर सोडताना नाही, घरात शिरतानाच करायचा. सामान यायच्या आधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढ. भिंतीवरची ओल, ओट्याची चीर, गिझर, पंखे, कपाटांच्या कड्या, मीटरचं रीडिंग, सगळं त्यात येऊ दे आणि त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सअॅपवर पाठव. रंगाचे पैसे कापायचेच असतील, तर किती ते करारात आकड्यात लिहून घे. चावी परत दिल्यावर डिपॉझिट किती दिवसांत मिळणार, तेही.

करार करण्याआधी घर बघायला सकाळी जा गं, पाणी येण्याच्या वेळेला. मी एकदा संध्याकाळच्या वाऱ्यात बाल्कनीवर अशी भाळले की नळ सोडून बघायचंच विसरले. मग काय, बाल्कनीतच बादल्या भरून ठेवायचे! वॉचमनला विचार, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का. मालकांना विजेच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक माग आणि महावितरणच्या साइटवर थकबाकी बघून घे. बिलावरचं नाव आणि मालकाचं नाव जुळतंय ना, तेही त्यातच कळेल. नाव वेगळं असेल तर मालकीचा इंडेक्स टू दाखवा म्हणायचं, त्यात संकोच कसला? "मी बाहेरगावी आहे, आधी टोकन पाठवा, मग घर दाखवतो," असं कुणी म्हणालं तर तिथेच फोन ठेव.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची ती मालकांनी, पण तू आठवण करत राहा आणि त्याची प्रत जवळ ठेव. नोंदवलेल्या कराराचीही माग, गॅसच्या आणि बँकेच्या पत्त्यासाठी ती लागतेच.

एवढं करून मसुदा मला पाठव, मी रात्री वाचून ठेवते. आणि डिपॉझिट रोख देऊ नकोस हं, बँकेतूनच दे.