शिपायाचा दुसरा विजय

इतिहासाच्या पाठात सैनिक रणांगणावरच थांबतो. त्याचे पुढील आयुष्य मुलांस सांगावयाचे राहून जाते. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे जायबंदी झाले. उपचार म्हणून त्यांनी पोहणे आरंभिले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. त्या स्पर्धांतील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. लष्कर सोडल्यावर त्यांनी पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरी केली. २०१८ साली त्यांस पद्मश्री लाभली.

हा पाठ घेण्यापूर्वी शिक्षकबंधुभगिनींनी एवढेच पाहावे, की कवायतीच्या तासाला आपल्या वर्गातील अधू मूल कोठे बसते. त्यास खेळात सामील करून घेतल्यावाचून पाठ पुरा झाला असे समजू नये.